झाड कुणाच्या नावावर?

भोगीला तीळ लावून बाजरीची भाकरी थापताना ही बाजरी मूळची कुठली, असा प्रश्न आपल्याकडे कुणाला पडत नाही. इतकी ती आपली झाली आहे. पण बाजरीचं माहेर सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावर आहे. आजच्या माली देशाच्या उत्तरेला, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी, तिथल्या लोकांनी रानगवतातून तिची निवड केली, तिला जोपासलं, आणि पुढच्या काही शतकांत ती समुद्र ओलांडून भारतात पोचली. ज्वारीही आफ्रिकेचीच, जरा पूर्वेकडची, सुदानच्या बाजूची. देशावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याचं पोट ज्या दोन धान्यांनी पिढ्यान् पिढ्या भरलं, ती दोन्ही त्या कोरड्या पट्ट्याची देणगी आहे.

अरबीत किनाऱ्याला ‘साहिल’ म्हणतात. वाळूच्या समुद्राचा किनारा म्हणून हा पट्टा ‘सहेल’. पश्चिमेला अटलांटिक, पूर्वेला तांबडा समुद्र, आणि मधे सेनेगल, माली, बुर्किना फासो, नायजर, चाड, सुदान. पाऊस तीन-चार महिने, तोही लहरी. १९६८ ते १९७३ आणि पुन्हा १९८३-८४ मध्ये इथे असे दुष्काळ पडले की गुरं गेली, माणसं गेली, गावंच्या गावं उठली.

आफ्रिकेतलं पर्यावरण म्हटलं की आपल्या वर्तमानपत्रांत दोनच चित्रं येतात, भेगाळलेली जमीन आणि सोंड उचललेला हत्ती. त्या खंडाने या संकटावर काय काय करून पाहिलं, काय फसलं, काय जमलं, याबद्दल क्वचितच काही छापून येतं. ते यायला हवं असं मला मनापासून वाटतं. जगातल्या एकूण हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात ज्या खंडाचा वाटा जेमतेम ४ टक्क्यांच्या आत आहे, त्याने तापमानवाढीचे सगळ्यात कडक चटके सोसत जे प्रयोग केले, त्यातून कोरडवाहू मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना शिकण्यासारखं पुष्कळ आहे. त्यातली एक गोष्ट मला बाकी सगळ्यांपेक्षा मोठी वाटते. झाड कुणाच्या नावावर आहे, हे न ठरवता आखलेली हरित योजना कागदावरच वाढते. आणि ते एकदा ठरलं, की योजना नसली तरी झाडं वाढतात.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. एडवर्ड स्टेबिंग नावाचे एक ब्रिटिश वनाधिकारी होते. त्यांची उमेदीची वर्षं भारताच्या वनखात्यात गेली. पुढे ते एडिनबरा विद्यापीठात वनशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३४ मध्ये त्यांनी पश्चिम आफ्रिकेचा दौरा केला, तोही कोरड्या दिवसांत. उजाड शेतं, उडणारी वाळू, निष्पर्ण झाडं पाहून त्यांनी १९३५ साली मांडणी केली की सहारा दक्षिणेकडे चाल करून येतो आहे आणि त्याला अडवायला झाडांचा रुंद पट्टा उभारला पाहिजे. एप्रिल-मे महिन्यात कुणी माणदेशातून एकदाच जाऊन आला आणि थर वाळवंट साताऱ्यापर्यंत आलं म्हणाला, तर कसं वाटेल? १९३६-३७ मध्ये इंग्रज आणि फ्रेंच वनतज्ज्ञांच्या संयुक्त आयोगाने पाहणी केली आणि वाळवंट असं फौजेसारखं पुढे सरकत असल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. जमिनीचा कस जात होता, पण तो जागोजागी, गावागावांभोवती जात होता. जिथे माणसं आणि गुरं जास्त, तिथे टक्कल पडत होतं. दुखणं अंगभर होतं, सीमेवर नव्हतं.

पण ‘चाल करून येणारं वाळवंट’ ही कल्पना डोक्यात बसायला फार सोपी आहे. शत्रू चालून येतो आहे म्हटलं की भिंत बांधायची, हे ओघानेच येतं. अल्जीरियाने १९७० च्या दशकात ‘हरित बांध’ उभारायला घेतला. सुमारे दीड हजार किलोमीटर लांबीचा पट्टा, त्यात मुख्यतः एकाच जातीचे पाइन. एकाच जातीचं वन म्हणजे किडीला आवतण. पाइनवरच्या अळ्यांनी त्यातला मोठा भाग खाल्ला. तरी भिंतीची ओढ गेली नाही. २००५ मध्ये नायजेरियाचे तेव्हाचे अध्यक्ष ओलुसेगुन ओबासांजो यांनी खंडाच्या आरपार हरित भिंत उभारायची कल्पना मांडली, सेनेगलचे अब्दुलाये वाद यांनी ती उचलून धरली आणि २००७ मध्ये आफ्रिकी संघाने तिला मान्यता दिली. सेनेगलपासून जिबूतीपर्यंत ११ देश, सुमारे ८,००० किलोमीटर लांबी, १५ किलोमीटर रुंदी. २०३० पर्यंत १० कोटी हेक्टर जमीन पुन्हा हिरवी करायची.

२०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी यंत्रणेने आढावा घेतला. ठरलेल्या पट्ट्यात सुमारे ४० लाख हेक्टरांवर काम झालं होतं. निम्म्याहून जास्त मुदत संपली होती आणि उद्दिष्टाच्या ४ टक्के पदरात होते. २०२१ च्या जानेवारीत पॅरिसमधून १४ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची नवी आश्वासनं मिळाली. दरम्यान तज्ज्ञांनी आराखडा शहाणपणाने बदलला होता. ‘भिंत’ हा शब्द राहिला, पण प्रत्यक्षात आता ती तुकड्या-तुकड्यांची गोधडी आहे. कुठे चराई कुरण, कुठे बांधबंदिस्ती, कुठे परसबाग, कुठे डिंकाची झाडं. सेनेगलच्या फेर्लो भागात हे काम पाहण्यासारखं झालं आहे. पण मुळात एवढ्या रोपांना पाणी कोण घालणार, शेळ्यांपासून कोण राखणार, आणि का राखणार, हे प्रश्न नकाशावर रेघ ओढणाऱ्याला पडले नव्हते.

आता या भिंतीच्या वाटेवरच्याच एका देशाची गोष्ट. नायजर. जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक. तिथल्या मराडी भागात १९८० च्या सुमारास टोनी रिनाउडो नावाचे ऑस्ट्रेलियन मिशनरी कृषितज्ज्ञ वनीकरणाचं काम करत होते. दरवर्षी रोपं आणायची, लावायची, आणि त्यातली बहुतेक मरायची. वाळूची वादळं, वाळवी, शेळ्या, तहान. १९८३ मध्ये एकदा रोपांनी भरलेली गाडी वाळूतून जावी म्हणून टायरमधली हवा कमी करायला ते थांबले. बाजूला एक झुडूप होतं, तिथे सगळीकडे असतं तसलं, निरुपयोगी म्हणून दुर्लक्षिलेलं. जवळ जाऊन पाहिलं तर ते झुडूप नव्हतंच. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून आलेले ते धुमारे होते. शेतकरी दरवर्षी पेरणीआधी रान साफ करताना ते छाटत, आणि दरवर्षी खालच्या जिवंत मुळांतून ते पुन्हा येत. ज्या माळावर रोपं मरत होती, त्या माळाखाली एक अख्खं जंगल मुळांच्या रूपात तग धरून होतं.

मग काम अगदी साधं झालं. खुंटावर वीस-पंचवीस फुटवे येतात, त्यातले तीन-चार जोमदार निवडायचे, बाकीचे छाटायचे, राखलेल्यांच्या खालच्या फांद्या काढत राहायचं. रोप नको, रोपवाटिका नको, टँकर नको. मुळं आधीच खोल गेलेली असल्यामुळे झाड बघता बघता डोक्यावर जातं. आपल्याकडे कडुनिंबाचा किंवा सागाचा खुंट ज्याने पाहिला आहे, त्याला हे सांगायला नको.

लोकांना हे लगेच पटलं नाही. शेतात झाड ठेवणारा माणूस आळशी, रान स्वच्छ ठेवणारा कष्टाळू, असा समज होता. १९८४ च्या दुष्काळात कामाच्या बदल्यात धान्य देण्याची योजना आली, तेव्हा झाडं राखण्याची अट घातली गेली. लोकांनी राखली. दुष्काळ सरला, धान्य बंद झालं, आणि बऱ्याच जणांनी ती झाडं तोडून टाकली. मला या प्रसंगाचं फार महत्त्व वाटतं. पैसे किंवा धान्य देऊन झाड राखून घेता येतं, पण देणं चालू असेपर्यंतच. ज्यांनी तोडली नाहीत, त्यांच्या शेतात पुढच्या काही हंगामांत वारा अडला, वाळूने कोंब गाडले जाईनासे झाले, जळण घरचं झालं. शेजाऱ्यांनी ते बघितलं.

आणि यात एका झाडाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. हौसा भाषेत त्याला ‘गाओ’ म्हणतात. आपल्या बाभळीचंच ते नातेवाईक. पण त्याची रीत उलटी. पावसाळा सुरू झाला की ते पानं गाळतं आणि उन्हाळ्यात हिरवंगार होतं. म्हणजे खाली बाजरी उभी असते तेव्हा सावलीचा त्रास नाही, गळलेल्या पानांचं खत जमिनीला मिळतं, मुळांमुळे नत्राची भर पडते, आणि कडक उन्हाळ्यात गुरांना सावली आणि शेंगांचा चारा. कोरडवाहू शेतकऱ्याने देवाकडे मागून घ्यावं असं हे झाड. मग नायजरच्या शेतकऱ्याने ते तोडलं का होतं?

तोडलं होतं, कारण ते त्याचं नव्हतं. फ्रेंचांनी १९३५ साली आपल्या पश्चिम आफ्रिकी वसाहतींसाठी जो वनकायदा केला, त्याचं तत्त्व असं की झाडांचा धनी सरकार. शेतकऱ्याच्या शेतात, त्याच्या डोळ्यांसमोर उगवलेलं, त्याने राखलेलं झाडसुद्धा तोडायला परवाना हवा. नाहीतर दंड. स्वातंत्र्यानंतर झेंडा बदलला, वनरक्षकाची वही तीच राहिली. अशा स्थितीत शेतात मोठं झाड असणं म्हणजे घरात दुसऱ्याची जोखमीची वस्तू ठेवण्यासारखं. सांभाळायचं आपण, जबाब द्यायचा आपण, फायदा कुणाचा ते ठाऊक नाही. शहाणा माणूस काय करेल? रोप बोटाएवढं असतानाच उपटेल.

माझ्या मामांनी नेमकं हेच केलं होतं. त्यांच्या बांधावर सागाची रोपं आपोआप यायची. मामा ती दरवर्षी मुळापासून काढायचे. लहानपणी मला त्याचा राग यायचा. मोठा झाल्यावर विचारलं तेव्हा ते म्हणाले, “आज उपटलं तर कुणी विचारत नाही. उद्या ते कवेत न मावण्याएवढं झालं की परवानगी, पंचनामा, वाहतुकीचा पास. माझंच झाड माझ्याच घराच्या तुळईला वापरायला मी कुणाकुणाच्या दारात उभा राहू?” मामांना झाडांचं प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्यांच्या आंब्यांना ते लेकरासारखं जपत. महाराष्ट्रात खासगी जमिनीवरची ठरावीक जातींची झाडं तोडण्यावर नियमन करणारा कायदा १९६४ चा आहे, त्यामागचा हेतू झाडं वाचवण्याचाच होता. भारतीय वन अधिनियम १९२७ चा. इंग्रजांनी इथे आणि फ्रेंचांनी तिथे लावलेल्या रोपाची जात एकच होती. वन म्हणजे सरकारचं, आणि गावकरी म्हणजे त्याच्यावर हात मारणारा.

नायजरमध्ये बदल कसा झाला, तर प्रथम कायदा न बदलताच. मराडीतल्या वनाधिकाऱ्यांना गळ घालण्यात आली की शेतकऱ्याने स्वतः राखलेल्या झाडाच्या फांद्या त्याला विकू द्या, दंड करू नका. त्यांनी डोळेझाक मान्य केली. बातमी गावोगाव गेली. पुढे १९९० च्या दशकात सरकारची पकड सैल झाली, ग्रामीण जमिनीचे कायदे बदलू लागले, आणि शेतातलं झाड आपलं ही भावना पक्की झाली. दोन दशकांनी ग्रे टॅपन आणि ख्रिस रेइज या संशोधकांनी जुन्या हवाई छायाचित्रांशी उपग्रहचित्रं ताडून पाहिली, तेव्हा त्यांना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. दक्षिण नायजरच्या सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडं परतली होती. महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाएवढं क्षेत्र. अंदाज २० कोटी झाडांचा. यातलं बहुतेक कुठल्याही सरकारी योजनेत नव्हतं, म्हणून वीस वर्षं कुणाच्या अहवालातही नव्हतं. सीमेपलीकडे नायजेरियात पाऊस थोडा जास्तच पडतो, आणि वनीकरणावर पैसाही अधिक खर्च झाला होता. तरी त्या बाजूची शेतं उघडी होती.

यावर आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. १९९० नंतर सहेलमध्ये पाऊस सुधारला, हिरवाईत त्याचा वाटा आहेच. पण सीमेच्या दोन बाजूंना पडणारा पाऊस इतका वेगळा नसतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. झाडं परतली, पण नायजरची गरिबी गेली नाही. लोकसंख्या वेगाने वाढते आहे, २०२३ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, सीमाभागात सशस्त्र गट आहेत. ज्या गावात रात्री बंदूकधारी येतात, तिथे झाडाचा हक्क कागदावर असून काय? झाडामुळे सगळं सुटतं असा दावा मी करत नाही. दुष्काळात शेंगा, पाला, जळण विकून घर तगलं, बायकांची जळणासाठीची पायपीट कमी झाली, वाईट वर्षीही थोडं धान्य हाती आलं, एवढा माझा दावा आहे. ज्याने तसं वर्ष काढलं आहे, त्याला हे ‘एवढं’ म्हणजे काय ते कळेल.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात अडचणीचा वाटतो. झाड शेतकऱ्याच्या नावावर झालं, तर गुराख्याचं काय? सहेलमध्ये फुलानी पशुपालक शतकानुशतकं गुरं घेऊन उत्तर-दक्षिण फिरतात. कापणी झाली की शेतात त्यांची गुरं बसायची, शेण शेताला मिळायचं, कडबा गुरांना. आपल्याकडे धनगर शेतात मेंढरं बसवतात, अगदी तसाच व्यवहार. शेतातल्या झाडावर मालकी आली की पाला तोडण्यावरून भांडण होतं, कुंपण येतं, आणि वाटा बंद होतात. मध्य मालीत शेतकरी आणि पशुपालक यांच्यातल्या वैराने गेल्या दशकात किती रक्त सांडलं आहे, ते वाचवत नाही. मालकी म्हणजे एकट्याचा पट्टा असा अर्थ घेतला तर आपण नवी भिंतच बांधू. उन्हाळ्यात कोण चारेल, शेंगा कोण वेचेल, वाट कुठून जाईल, या सगळ्या हक्कांची नोंद हवी. नायजरमध्ये अनेक गावांनी पशुपालकांना समित्यांत घेऊन हे ठरवलं. जिथे घेतलं, तिथे झाडंही टिकली.

बायकांचं प्रकरण तर याहून नाजूक. पश्चिम आफ्रिकेच्या पुष्कळ भागांत झाड लावणं म्हणजे जमिनीवर हक्क सांगणं. म्हणून कुळाला आणि बाईला झाड लावायचीच मुभा नसते. केनियात वांगारी मथाई यांनी १९७७ मध्ये ‘ग्रीन बेल्ट’ चळवळ सुरू केली, तेव्हा त्यांनी खेड्यातल्या बायकांच्या हाती रोपवाटिका दिल्या, आणि लावलेल्या नव्हे, तर जगलेल्या रोपामागे थोडे पैसे दिले. हा फरक किती मोठा आहे, हे आपल्याकडे २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवणाऱ्या मोहिमेनंतर कळलं. किती जगली याच्या चौकशीला पुढे विधिमंडळाची समिती नेमावी लागली. मथाईंना १९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कात ६० मजली इमारत उभी करण्याच्या सरकारी बेतासमोर उभं राहावं लागलं, पुढे करुरा जंगलासाठी मार खावा लागला. २००४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. झाड लावणारी बाई सत्तेला का खुपते? कारण जमीन कुणाची, हा प्रश्न तिच्या रोपाबरोबर उभा राहतो.

मग सरकारने काहीच करू नये का? उलट. जिथे सरकारचा हातच चालतो, तिथे आफ्रिकेने जगाला लाजवेल असं काम केलं आहे. शिसंयुक्त पेट्रोल घ्या. २००१ च्या जूनमध्ये डाकारमध्ये सहाराच्या दक्षिणेकडचे देश एकत्र आले, ते बंद करायचं ठरलं, आणि २००५ संपेपर्यंत या सगळ्या देशांतून ते गेलं. खंडात आणि जगातही शेवटचा देश अल्जीरिया, तिथे जुलै २०२१ मध्ये संपलं. शिसं मुलांच्या मेंदूवर घाला घालतं, म्हणजे करोडो मुलांचं बालपण या एका निर्णयाने वाचलं. हे जमलं, कारण पेट्रोल मोजक्या शुद्धीकरण कारखान्यांतून आणि मोजक्या बंदरांतून येतं. तोटी फिरवली की संपलं. प्लास्टिकच्या पिशव्यांचं तसंच. रवांडाने २००८ मध्ये बंदी घातली आणि विमानतळावर सामान तपासून पिशव्या काढून घेतल्या. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून ४० लाख शिलिंगपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद ठेवली. शेजारून चोरटी पिशवी येते, पण रस्त्याकडेच्या झाडांवर लटकणाऱ्या पिशव्या गेल्या. महाराष्ट्राने २०१८ मध्ये बंदी आणली, पण आपल्या मंडईत पिशवी मागितली की मिळते, कारण कारखान्याऐवजी भाजीवालीला दंड करणं सोपं जातं.

विषारी कचऱ्याचंही असंच. १९८८ मध्ये नायजेरियातल्या कोको गावात इटलीहून आलेली विषारी कचऱ्याची हजारो पिंपं एका माणसाच्या मोकळ्या जागेत सापडली. जागेचं भाडं महिन्याला सुमारे १०० डॉलर. त्या संतापातून १९९१ मध्ये बामाको करार झाला, घातक कचरा खंडात आणायलाच मनाई. २००६ मध्ये आयव्हरी कोस्टच्या अबिजान शहरात जहाजातून आलेला विषारी कचरा उकिरड्यांवर ओतला गेला, म्हणजे करार पुरेसा ठरला नाही. तरी दिशा बरोबर होती. जी गोष्ट बंदरातून किंवा कारखान्यातून येते, तिला बंदरात आणि कारखान्यात अडवता येतं. जी गोष्ट लाखो शेतांत उगवते, तिच्यामागे लाखो शिपाई लावता येत नाहीत.

बुर्किना फासोतल्या याकुबा सावादोगो यांची कथा यामुळेच जिवाला लागते. १९८० च्या सुमारास, दुष्काळात लोक गाव सोडत असताना, हा शेतकरी बाजारातला आपला छोटा धंदा सोडून गुर्गा गावी परतला. तिथे ‘झाई’ नावाची जुनी रीत होती, पावसाआधी कडक जमिनीत छोटे खड्डे घेण्याची. याकुबाने खड्डे मोठे केले आणि त्यात शेणखत-पाला घातला. त्यावर वाळवी आली, वाळवीने जमीन पोखरून सैल केली, आणि पहिलाच पाऊस आत मुरला. ऐन कोरड्या दिवसांत कुदळ मारणाऱ्या माणसाला गाव वेडा म्हणालं. कुणी तरी त्याचं रान पेटवूनही दिलं. त्या खड्ड्यांत ज्वारी-बाजरी आलीच, पण शेणातून आलेल्या बियांची झाडंही आली. त्याने ती राखली. पुढे साठाहून अधिक जातींचं जंगल उभं राहिलं. २०१८ मध्ये त्याला, आणि त्याच वर्षी टोनी रिनाउडोंनाही, स्वीडनचा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. आणि त्याच जंगलाच्या जमिनीवर वाहिगूया शहराची वाढीव हद्द आखली गेली, प्लॉट पाडले गेले. ज्याने जंगल उभं केलं, त्याने ते विकत घ्यावं, अशी वेळ त्याच्यावर आली. जमीन मोजणाऱ्यांच्या लेखी तिथे जंगल नव्हतं, रिकामी जागा होती. ३ डिसेंबर २०२३ रोजी याकुबा गेला.

हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा निकडीचा आहे, कारण झाडाला नवं गिऱ्हाईक मिळालं आहे. २०२३ मध्ये दुबईच्या एका कंपनीने लायबेरिया, झांबिया, टांझानिया, झिम्बाब्वे अशा देशांशी कार्बन क्रेडिटसाठी, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांसाठी, जंगलांचे प्राथमिक करार केले. लायबेरियातलं क्षेत्र देशाच्या सुमारे दशांश होतं. त्या जंगलात राहणाऱ्यांना सरकारने विचारलं होतं का, हा पहिला प्रश्न तिथल्या संघटनांनी केला. त्याच सप्टेंबरात नैरोबीत पहिली आफ्रिका हवामान परिषद भरली आणि जागतिक कार्बन कराची मागणी पुढे आली. ती रास्तच आहे. ज्यांनी धूर केला त्यांनी भरपाई द्यावी. पण पैसा देशाच्या तिजोरीपर्यंत येईल आणि तिथून गुर्गासारख्या गावात कुणाच्या हातात जाईल, हे सातबाऱ्यासारख्या कुठल्या तरी कागदावरच ठरणार. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. तरी बांबू विकण्याचा वाहतूक परवाना गावाच्या हाती यायला २०११ उजाडलं, आणि त्यासाठी केंद्रातला मंत्री गावात यावा लागला. हक्काचा कागद आणि विक्रीचा कागद यांतलं अंतर दोन वर्षांचं होतं. त्यातून गेलेल्या गावांना नायजरच्या शेतकऱ्याची गोष्ट परकी वाटणार नाही.

कार्बन बाजाराचा एक नियम मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. क्रेडिट मिळतं ते ‘अतिरिक्त’ कार्बनला. म्हणजे प्रकल्प आला नसता तर जे झाड उभं राहिलं नसतं, त्याला. मोजणीचा पाया प्रकल्प सुरू झाला त्या दिवसाचा. त्यामुळे उद्या मराडीत कुणी कार्बनची कंपनी आली, तर ज्याने रान साफ ठेवलं, एकही झाड राहू दिलं नाही, त्याचं शेत तिला सोन्याचं वाटेल. आणि ज्याने १९८४ च्या दुष्काळानंतरही कोयता थांबवला, चाळीस वर्षं गाओचे फुटवे निवडत राहिला, त्याच्या झाडांना त्या हिशेबात जागा नसेल. ती झाडं आधीपासूनच तिथे होती, असं वहीत लिहिलं जाईल.